तुमच्या आजोबांनी मागवलेलं शेवटचं नाणं

सई आणि नील,

गेल्या महिन्यात फोनवर मी तुम्हाला नाण्यांचं कपाट दाखवत होते, तेव्हा नीलनं विचारलं, "आजी, मधला एक डबा कुठे गेला?" मी म्हटलं, "तो आपल्याकडे आलाच नाही," आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. हे कपाट पुढेमागे तुमच्याकडे यायचं आहे. त्यात काय नाही आणि का नाही, हे मी सांगितलं नाही तर कोण सांगणार? म्हणून आधी बोईसरला जाऊन आले आणि आता सगळं क्रमानं लिहिते आहे. तुमच्या आईला मोठ्यानं वाचायला सांगा.

आधी नाण्यांबद्दल. एखाद्या संस्थेची पंच्याहत्तरी किंवा कुणाची जन्मशताब्दी आली की आपली सरकारी टांकसाळ त्या निमित्तानं खास नाणं काढते. ते भाजीवाल्याला द्यायचं नसतं. आधी पैसे भरून मागणी नोंदवायची, मग कधीतरी ते मखमली डब्यात, पारदर्शक डबीत बंद होऊन पोस्टानं घरी येतं. आरशासारखं चकचकीत असतं आणि त्याला बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा उमटला तर तो जन्मभर जात नाही.

तुमचे आजोबा प्रत्येक वेळी दोन मागवायचे. एक आपल्या घरी, एक बोईसरला त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे तुमच्या कुमुदआजीला. त्यांनी मागवलेलं शेवटचं नाणं मात्र एकच होतं आणि ते कुमुदकडे गेलं. ते पोचायच्या आधीच आजोबा गेले. कपाटात त्याची जागा मी रिकामी ठेवली, पण इतकी वर्षं मी ते नाणं पाहिलेलंसुद्धा नाही. तिच्याकडे ते असणं मला सहन होत नव्हतं. आता ठरवलं, जायचं आणि मागायचं. बदल्यात द्यायला माझ्याकडे दुबार आलेलं एक नवंकोरं चांदीचं नाणं पर्समध्ये ठेवलं. तेही तेवढंच मोठं, आणि जास्त देखणं.

नाशिकहून सकाळची एसटी घेतली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. दिवाळी नुकतीच झाली होती. उतारावरच्या खाचरांतून भात कापून झाला होता आणि जागोजागी पेंढ्याच्या उडव्या (रचलेले ढीग) उभ्या होत्या. जव्हारला माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्या मांडीवर सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) पिशवी होती. वळणावर ती पिशवी तिच्या मांडीवरून माझ्या मांडीवर आली आणि फुटली.

"आता घरी जाऊन पयलं काय कराल?" ती हसत सुकट वेचू लागली.

"आंघोळ," मी म्हटलं.

"चटणी करा. एवढी सांडली हाय तुमच्या पदरात."

मनोर मागे पडलं आणि पालघरच्या अलीकडे वाघोबाची खिंड आली. चालकानं गाडी सावकाश केली, वाहकानं हात जोडले. शेजारणीनं माझा हात धरून जोडायला लावला. वाघ हा इथल्या डोंगरातल्या माणसांचा देव आहे. पाड्याच्या (डोंगरपायथ्याच्या छोट्या वस्तीच्या) वेशीवर त्याचं ठाणं असतं. कुठे कोरलेली लाकडी फळी, कुठे नुसता शेंदूर फासलेला दगड. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते तेव्हा त्याची पूजा करतात. आमच्या गुरांना आणि पोरांना हात लावू नकोस, एवढंच त्याच्याकडे मागणं असतं.

पालघरला गाडी बदलली. उमरोळीवरून बोईसरला पोचले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटत होती आणि रस्त्यावर मराठीपेक्षा हिंदी जास्त ऐकू येत होती. रिक्षावाल्याला मी कुमुदच्या सोसायटीचं नाव सांगितलं. त्यानं मला त्याच नावाच्या दुसऱ्या सोसायटीत नेलं. तिथल्या पहारेकऱ्यानं विचारलं, "किसके घर?" मी कुमुदचं नाव घेतलं. तो लगेच म्हणाला, "अरे, वो आजी? वो तो उधर रहती हैं, शिवमंदिर के पीछे।" तुमचा विश्वास बसेल का? दुसऱ्या सोसायटीचा पहारेकरी तिला ओळखतो. मी नाशिकला इतकी वर्षं राहते आणि माझ्या स्वतःच्या सोसायटीचा पहारेकरी मला 'तिसरा मजला' म्हणतो.

कुमुद फाटकाशी उभी होती. माझ्यापेक्षा फार लहान नाही, पण पाठ ताठ, दात सगळे स्वतःचे.

"वहिनी, सुकटीचा वास येतोय तुम्हाला. आलात शेवटी माणसांत."

तिचे यजमान अणुवीज केंद्रात होते. आयुष्य वसाहतीत गेलं, आता बोईसरच्या या दोन खोल्यांत ती एकटी असते. जेवायला उकडहंडी होती (कोनफळ, रताळी, वालपापडी आणि हिरवा मसाला मडक्यात घालून मंद आचेवर शिजवतात). मी घरी करून पाहिली आहे. माझी अशी होत नाही. मी दोनदा वाढून घेतली आणि चांगली झाली आहे असं म्हणाले नाही.

मग तिनं तिचं कपाट उघडलं. मुलांनो, मी व्यवस्थित बाई आहे. माझे डबे वर्षवार लावलेले आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी आहे. तिचे डबे कसेही पडले होते, एकावर तर शिवणाची कात्री ठेवलेली होती. पण होतं सगळं. आजोबांच्या पश्चात मीच मागवत होते, पण टांकसाळीनं मागणी इंटरनेटवर घ्यायला सुरुवात केल्यापासून माझी अर्धी हुकली. बोट फिरेपर्यंत नोंदणी बंद झालेली असायची. कुमुदला खालच्या मजल्यावरची मुलगी भरून द्यायची. मी प्रत्येक डबा उघडत गेले आणि माझ्या कपाळावरची शीर उडत राहिली.

"हे दीडशेचं तुझ्याकडे कसं?"

"मागवलं, आलं."

"फार नाणी काढतात हल्ली," मी म्हटलं. "पंच्याहत्तरचं, सव्वाशेचं, साडेतीनशेचं, साडेपाचशेचं. असल्या रकमेचं नाणं कधी कुणी ऐकलं होतं? दर महिन्याला कुणाची तरी शंभरी. सगळ्यांचा सन्मान केला की कुणाचाच होत नाही."

"वहिनी, तुमची सगळी मिळत होती तेव्हा तुम्हाला ती फार वाटत नव्हती."

मी डब्यावरची कात्री उचलून बाजूला ठेवली. ती पुढे म्हणाली, "मी ह्या दिवाळीपासून बंद केलंय. मला खरंच फार वाटतात. तुम्हाला फक्त मिळत नाहीत."

ते नाणं कपाटात नव्हतं. मी लगेच विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला कळलं असतं की मी कशासाठी आले आहे. अर्थात तिला ते फाटकापासूनच कळलं होतं.

संध्याकाळी आम्ही घिवलीच्या किनाऱ्यावर गेलो. एका बाजूला वीज केंद्राच्या भिंती, दुसऱ्या बाजूला वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. पलीकडे सूर्य पाण्यात उतरत होता. तिला हे रोज मिळतं. माझ्या खिडकीतून वाहनतळ दिसतो. जाळं विणत बसलेली एक म्हातारी ओरडली, "कुमुदताय, कोन आलंय?"

"आमच्या वहिनी. नाशिकच्या. इंग्रजी शाळेत शिकवायच्या."

"मंग आमच्याशी बोलतील का?"

"बोलतील. पण आधी चुका काढतील."

दोघी खदखदून हसल्या. मी पदर नीट केला आणि विचारलं, "कुमुद, तुझ्या दादांनी मागवलेलं शेवटचं नाणं कुठे आहे?"

ती समुद्राकडे बघत म्हणाली, "दिलं मी ते. जानकीला."

जानकी म्हणजे तिच्या फाटकाशी रानभाज्या विकायला बसणारी बाई. तिचा पाडा उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराला लागून. गेल्या वर्षी तिथे बिबट्या यायला लागला. आधी कुत्री गेली, मग एक वासरू. पाड्यातल्या लोकांनी वाघबारशीला वाघोबाचं ठाणं नव्यानं बसवलं. त्या वेळी ज्यानं त्यानं काही ना काही दिलं. कुमुदनं आपल्या भावाचं नाणं दिलं.

"दुसरं काही नव्हतं तुझ्याकडे? कपाटभर आहे!"

"हेच द्यावंसं वाटलं."

"ते मला का नाही दिलंस? ते घरी का नाही आलं? दोन का नाही मागवली त्यांनी?"

तेव्हा कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. "दादाचा फोन आला होता. म्हणाला, तुझी वहिनी म्हणते, टांकसाळ फार नाणी काढते, आता पुरे. म्हणून या वेळी तुझं एकटीचंच भरलं."

मी तसं म्हणाले होते. अजूनही माझं तेच मत आहे. पण नवऱ्यानं बायकोचं मत एकदाच ऐकावं आणि तेही इतक्या शेवटी, हे काही बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जानकीच्या पाड्यावर गेलो. उमरोळीपर्यंत रिक्षा, तिथून पुढे पायवाट. कुमुद भराभर चालत होती आणि मी माझ्या गुडघ्यांना शिव्या घालत मागून जात होते. पर्समधलं नाणं मी दर थोड्या वेळानं चाचपून बघत होते.

जानकी अंगणात भात पाखडत होती. आम्हाला बघून सूप खाली ठेवून आली आणि कुमुदचे दोन्ही हात धरले. माझी नणंद कुणाला हात धरू देते हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ह्या का तुमच्या वयनी? नाण्यावाल्या?"

म्हणजे माझ्याबद्दल इथे बोलणं झालेलं होतं. तिनं तांदळाची भाकर आणि वालाची आमटी वाढली. मी जेवले, पण माझं लक्ष वेशीवरच्या झाडाकडे होतं. शेवटी जानकीच म्हणाली, "चला, दावते. त्यासाठीच आलात ना?"

झाडाखाली एक उभा दगड होता. त्यावर शेंदराचे थर इतके चढले होते की दगडाचा आकार गोल झाला होता. मधोमध, शेंदरात पक्कं दाबून बसवलेलं, आपलं नाणं होतं. सिंहांची बाजू वर. आपल्या प्रत्येक नाण्यावर असतात तेच सिंह. त्यांच्या तोंडात शेंदूर गेला होता, आयाळींवरून तेल ओघळलं होतं. ज्याला बोट लावायचं नाही त्याला पाड्यातल्या प्रत्येकानं बोट लावलं होतं.

"हे सिंह आहेत," मी म्हटलं. "वाघ नव्हेत."

"म्हाईत हाय. सरकारी शिव्ह हाय," जानकी म्हणाली. "आमचा मालक बोलला, सरकारनं वाघ काढला तर बिबट्याला भ्या वाटंल. वाघ काढत नाय सरकार, तर शिव्ह चालंल. आनि तवापास्नं बिबट्या आला नाय."

"आणि मागच्या बाजूला काय आहे?" इतक्या वर्षांत मला हेही धड माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात वाचलेलं दीपगृह आठवत होतं.

"झाड," कुमुद म्हणाली.

"झाड नाय, घर होतं. मोठं. कमानीवालं," जानकी म्हणाली.

टांकसाळीनं कुणाचं तरी स्मरण म्हणून काढलेलं नाणं, आणि ते कुणाचं हे तिथे उभ्या असलेल्या तिघींपैकी एकीलाही खात्रीनं सांगता येईना. मला हसू आलं असतं, पण मी हसायला आले नव्हते. मी पर्समधून माझं नाणं काढलं, डबीसकट तिच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "जानकीबाई, हे घ्या. नवं आहे, चांदीचं आहे, तेवढंच मोठं आहे. सिंहही तेच आहेत, हुबेहूब. हे इथे बसवा आणि ते मला द्या. देवाला काही फरक पडणार नाही."

जानकीनं ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी निरखलं. "खरंच, सारखाच हाय वाघ." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "सारखंच हाय तर तुमाला तरी ह्येच कशाला पायजे? दुसरं घ्या ना इकत."

मुलांनो, हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्याच साच्यातलं दुसरं नाणं व्यापाऱ्याकडे मिळतं. पैसे मोजले की घरपोच येतं. मी ते कधीच आणू शकले असते.

"हे माझ्या नवऱ्यानं मागवलेलं शेवटचं आहे," मी म्हटलं.

जानकीनं माझं नाणं माझ्या हातात परत दिलं. "मंग न्या," ती म्हणाली. "आमी दुसरं काय तरी बशवू. पन एक हाय. देवाला दिलेलं, ज्यानं दिलं त्यानंच काढायचं. दुसऱ्याच्या हातानं काढलं तर त्यो रुसतो. कुमुदताय काढील तर न्या."

झालं, माझं काम झालं असं मला वाटलं. कुमुद खाली बसली. तिनं अंगठ्याच्या नखानं नाण्याच्या कडेचा शेंदूर थोडा खरवडला. कड दिसली, आतली चांदी अजून चकाकत होती. मी पर्स उघडून तयार ठेवली. मग तिनं हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

"मी नाही काढत, वहिनी."

"का?"

"नाही काढत."

"कुमुद, लहान मुलासारखं करू नकोस."

"तुम्हाला सगळा दादा मिळाला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "माझ्या लग्नानंतर तो माझ्याकडे किती वेळा आला, बोटांवर सांगता येईल. प्रत्येक वेळी नाणं यायचं तेव्हा मला माहीत असायचं, की दुसरं तुमच्याकडे पोचलंय. जे मला दिलं ते तुम्हाला आधी दिलं. एकदाच, एकच गोष्ट त्यानं फक्त माझ्यासाठी मागवली. ती तुमच्या कपाटात गेली की तुमची होणार. तुम्ही तिला चिठ्ठी लावणार."

"म्हणून दगडात गाडलीस?"

"म्हणून देवाला दिली. माझ्या कपाटात असती, तर मी मेल्यावर तुम्ही येऊन घेऊन गेला असता. मला तुमचा स्वभाव माहीत नाही का?"

जानकी बाजूला होऊन झाडाची वाळकी पानं गोळा करू लागली. ती म्हणत होती ते खरं होतं, मी नक्की घेऊन गेले असते. आणि इतकी वर्षं मी जिचा हेवा करत होते, ती तेवढीच वर्षं माझा करत होती, हे मला त्या झाडाखाली पहिल्यांदा कळलं. त्यानं मन निवळलं असं समजू नका. उलट मला आणखी राग आला. माझा हेवा निदान मी कपाटात नीट ठेवला होता. तिनं तिचा बाहेर मांडून त्याची पूजा सुरू केली होती.

"काढतेस का नाही?" मी शेवटचं विचारलं.

"नाही."

जानकी परत आली. बाजूच्या वाटीतला शेंदूर तिनं बोटानं उचलला आणि कुमुदनं खरवडलेली कड पुन्हा भरून टाकली. चांदी दिसेनाशी झाली.

घरी आल्यावर कुमुदनं चहा केला, त्यात माझ्या आवडीचं आलं जास्त घातलं आणि कप माझ्यासमोर जरा आपटून ठेवला. दुसऱ्या दिवशी गाडीवर पोचवायला आली तेव्हा वाटेसाठी केळ्याच्या पानात बांधलेल्या भाकऱ्या दिल्या. मी म्हटलं, "उकडहंडी चांगली होती." ती म्हणाली, "माहीत आहे मला." गाडी सुटली.

चढणीच्या वाटेवर मी टांकसाळीचा विचार करत आले. माझं मत बदललेलं नाही. फार नाणी निघतात, त्यातली निम्मी निघाली नसती तरी देशाचं काही अडलं नसतं. पण आता वाटतं, किती निघतात याचा हिशेब टांकसाळीनं करावा. माणसाला त्यातलं एकच हवं असतं, आणि ते नेमकं दुसऱ्याकडे असतं. तुमच्या आजोबांना हे ठाऊक असणार. नाहीतर त्यांनी आयुष्यभर दोन-दोन का मागवली असती?

व्यापाऱ्याकडचं दुसरं मी आणणार नाही. तुम्हीही आणू नका.

आता काय उरलं आहे ते लिहिते. आजोबा नाहीत. कुमुद आहे, मी आहे, आणि आम्हा दोघींना एकमेकींचा हेवा अजून वाटतो. नाणंही आहे. उमरोळीच्या पूर्वेला, पाड्याच्या वेशीवर, सिंह वर आणि दुसरी बाजू शेंदरात. त्या बाजूला अजून कुणाचं बोट लागलेलं नाही.